भाड्यासाठी फ्लॅट घ्यावा की आहे त्या घरावर मजला चढवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात 1,800 चौरस फुटांच्या प्लॉटवर 1998 साली बांधलेल्या तळमजल्याच्या घरात राहणाऱ्या एका निवृत्त दांपत्याकडे सेवानिवृत्तीचे 35 लाख रुपये आहेत. मनीषनगरात आठ वर्षे जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन शयनगृहांचा फ्लॅट 46 लाखांना मिळतो आहे. त्याला महिना 15,000 रुपये किराया सहज येईल, असे दलालाने सांगितले आहे. कमी पडणारी रक्कम पुण्यातील मुलाच्या नावे कर्ज काढून उभी करायची आहे. एका नातेवाइकाच्या मते फ्लॅटऐवजी बाहेरील रिंगरोडच्या पलीकडे प्लॉट घ्यावा. आपल्याच घरावर वरचा मजला बांधण्याचा विचार त्यांनी केला होता, परंतु ‘किरायेदार डोक्यावर नको’ म्हणून तो सोडून दिला.

मी गेली सव्वीस वर्षे नागपुरात मालमत्तांचे मूल्यांकन करतो आहे. माझे मत या दांपत्याला आधीच सांगतो, म्हणजे पुढील आकडेमोड कोणत्या दिशेने जाते आहे हे कळेल. आपण सोडून दिलेला तिसरा पर्याय या तिन्हींत सर्वांत चांगला आहे, आणि फ्लॅट घ्यायचाच झाला तर 46 लाखांना घेऊ नये.

दलालाने आपल्याला सांगितलेला हिशेब असा असणार: वर्षाला 1,80,000 रुपये भाडे, भागिले 46 लाख, म्हणजे जवळजवळ चार टक्के. या हिशेबात वरचा आकडा फुगलेला आहे आणि खालचा आटलेला आहे. खालचा आधी दुरुस्त करू. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि त्यावरील अधिभार मिळून सात टक्क्यांच्या घरात जातात, म्हणजे सुमारे 3,22,000 रुपये. नोंदणी फी 30,000, दलाली एक टक्का धरली तर 46,000. रंगरंगोटी, नळ, पंखे, गिझर, स्वयंपाकघरातील ओट्याची डागडुजी यांस मी दीड लाख धरतो, कारण आठ वर्षे वापरलेला फ्लॅट पाहताना जेवढा खर्च दिसतो त्याच्या दुप्पट खर्च चावी हातात आल्यावर दिसतो. अशा रीतीने आपला 46 लाखांचा फ्लॅट प्रत्यक्षात साडेएक्कावन्न लाखांना पडतो. खरेदी केवळ आपल्या पत्नीच्या नावे केल्यास शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे 46,000 रुपये वाचतात, आणि ते अवश्य वाचवावेत.

आता वरचा आकडा. भाडे बारा महिने येत नाही. जुना भाडेकरू जाऊन नवा येईपर्यंतचे रिकामे दिवस आणि मधल्या रंगकामाचे दिवस जमेस धरून मी नेहमी वर्षाचे अकराच महिने मोजतो. त्यामुळे 1,65,000 रुपये होतात. त्यातून इमारतीच्या देखभालीचे महिना 1,800 प्रमाणे 21,600, मालमत्ता कर 9,000, दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू आणणाऱ्याला एक महिन्याचे भाडे द्यावे लागते त्याचे वार्षिक 7,500, दुरुस्ती आणि रंगासाठी बाजूला ठेवायचे 15,000, करारनाम्याचे 2,500 वजा करा. हातात 1,09,400 रुपये उरतात. साडेएक्कावन्न लाखांवर हे प्रमाण 2.1 टक्के होते. बचत खात्यावरील व्याजाहूनही कमी असलेले हे उत्पन्न मिळवण्यासाठी आपण नळ गळतो म्हणून रात्री दहा वाजता येणारे फोन घेणार आहात.

आपले 35 लाख गेल्यावर साडेसोळा लाखांचे कर्ज लागेल. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे 14,300 रुपये येतो. फ्लॅटमधून महिना 9,100 सुटणार, म्हणजे मुलाने दरमहा 5,200 रुपये खिशातून घालायचे. हेच 35 लाख सात टक्क्यांनी ठेवीत राहिले असते तर महिना 20,400 रुपये व्याज आले असते, तेही बंद होणार. दोन्ही मिळून हे कुटुंब दरमहा पंचवीस हजारांहून अधिक रक्कम सोडून देते आहे, आणि त्या बदल्यात फ्लॅटची किंमत वाढेल एवढ्याच आशेवर बसते आहे. शिवाय मुलगा फ्लॅटचा सहमालक नसेल तर त्याने भरलेल्या व्याजाची आयकरातील वजावट त्याला मिळत नाही. सहमालक असला आणि त्याने नवी करप्रणाली निवडलेली असली, तर भाड्याच्या घरातील तोटा पगारातून वळता करता येत नाही. ‘कर्ज काढले की टॅक्स वाचतो’ हे वाक्य नागपुरात अजून सर्रास ऐकू येते, परंतु ते जुन्या प्रणालीच्या दिवसांतले आहे.

किंमत वाढेलच असे गृहीत धरणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारतो: आपण नक्की काय विकत घेत आहात? फ्लॅट म्हणजे दोन वस्तूंची मोळी असते. एक म्हणजे जमिनीतील अविभक्त हिस्सा, जो वाढतो. दुसरी म्हणजे विटा, सिमेंट, लोखंड आणि लिफ्ट, जी दरवर्षी झिजते. मुंबईत इमारतींच्या सहकारी गृहनिर्माण संस्था असतात, तर आमच्याकडे बहुतेक इमारती 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवून झालेल्या आहेत. त्या घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटच्या अविभक्त हिश्श्याची टक्केवारी लिहिलेली असते. खरेदीदारांपैकी फार थोडे ते पान उघडतात, जरी सगळ्या मूल्यांकनाची किल्ली तिथेच असते. आपण पाठवलेल्या कागदांनुसार 6,000 चौरस फुटांच्या प्लॉटवर सारखे दहा फ्लॅट आहेत, म्हणजे आपल्या वाट्याला 600 चौरस फूट जमीन येते. त्या गल्लीत जमिनीचा व्यवहार 4,000 रुपये फुटाने होत असेल, तर जमिनीचे 24 लाख. बांधकाम क्षेत्र 960 चौरस फूट असून आज तसे बांधायला 2,000 रुपये फूट लागतात असे धरले, तर 19,20,000. इमारतीचे आयुष्य साठ वर्षे मानून आठ वर्षांची झीज वजा केली की उरतात सुमारे 16,64,000. दोहोंची बेरीज 41 लाखांच्या आतच राहते. वरचे पाच लाख हे विकणाऱ्याच्या मनातील किंमत आहे. जमिनीचा माझा दर अंदाजी आहे. आपण त्याच गल्लीतील गेल्या वर्षभरातील तीन-चार नोंदणीकृत खरेदीखतांच्या सूची क्रमांक 2 च्या, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्याच्या, नकला काढून तो तपासावा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर शुल्क आकारणीसाठी असतो, तो बाजारभाव म्हणून वापरू नये.

वाढीची अपेक्षाही याच तराजूत घालावी. हातात 2.1 टक्के उरतात आणि ठेवीवर सात मिळतात, तर केवळ बरोबरी साधायला फ्लॅटची किंमत दरवर्षी पाच टक्क्यांच्या आसपास वाढावी लागेल. त्या गतीने साडेएक्कावन्न लाखांचे दहा वर्षांनी 84 लाख व्हायला हवेत. तेव्हा ती इमारत अठरा वर्षांची असेल, लिफ्ट बदलण्याची वर्गणी निघालेली असेल आणि पलीकडच्या गल्लीत नवी इमारत उभी असेल. विकताना झालेल्या नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर लागेल, कारण 23 जुलै 2024 नंतर घेतलेल्या मालमत्तेला महागाईच्या निर्देशांकाचा लाभ नाही. 41 लाखांना घेतला तरी उत्पन्न 2.4 टक्क्यांच्या वर जात नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कमी किमतीत घेतल्याने पडझडीची भीती कमी होते, एवढाच त्याचा फायदा.

प्लॉटबद्दल आपल्या नातेवाइकाचे म्हणणे अर्धे खरे आहे. जमीन झिजत नाही. परंतु ती भाडेही देत नाही, आणि निवृत्त माणसाला दहा वर्षांनंतरच्या किमतीपेक्षा पुढच्या महिन्याचे उत्पन्न अधिक उपयोगी असते. मिहानची, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पाची, हवा होती तेव्हा, 2007 च्या सुमारास, मी स्वतः वर्धा रोडच्या पलीकडे दोन प्लॉट घेतले. मूल्यांकनाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने कागद पाहिले नाहीत असे कुणाला वाटणार नाही, पण मी ले-आउटचा नकाशा पाहिला आणि मंजुरीचा आदेश पाहिला नाही. त्यातील एक प्लॉट शेतजमिनीवर नुसत्या चुन्याच्या रेघा मारून पाडलेला होता. नियमितीकरण होईपर्यंत तो ना विकता आला, ना त्यावर बांधता आले, आणि व्याज धरून मी त्यात नुकसानच सोसले. नागपुरात ‘572 आणि 1900 ले-आउट’ हे नियमितीकरणासाठी घेतलेल्या अनधिकृत ले-आउटांचे शब्द ज्याने ऐकले आहेत त्याला अशा प्लॉटधारकांची दशके कशी जातात हे सांगावे लागत नाही. नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकासाच्या संस्थेचे आरएल, म्हणजे नियमितीकरण पत्र, आणि डिमांड, म्हणजे तिने मागितलेले शुल्क, भरल्याची पावती या दोन कागदांनी त्याच गल्लीतील दोन प्लॉटांच्या किमतीत मोठा फरक पडतो.

शहराबाहेर मंजुरी देणारे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. तिथे प्लॉट पाहिलाच तर मौजा, खसरा क्रमांक, सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर ले-आउटचा नकाशा हे एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा असला तर परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. जुन्या अभिलेखांत झुडपी जंगलाची नोंद असली तर तिथूनच परत फिरावे, कारण पूर्व विदर्भातील अशा जमिनी वनजमिनीच आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितले आहे.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे येतो. त्या प्लॉटची किंमत आपण कधीच चुकवली आहे. वरचा मजला बांधताना जमिनीसाठी एक रुपयाही द्यायचा नाही, मुद्रांक शुल्क नाही, खरेदीची दलाली नाही. एक हजार चौरस फूट 2,000 रुपये दराने बांधले तर 20 लाख, आणि मंजुरीचे शुल्क, बाहेरून जिना, स्वतंत्र वीजमीटर व टाकी यांचे दोन लाख. त्रिमूर्तीनगरात अशा मजल्याला 13,000 रुपये भाडे धरू. वर वापरलेल्याच मापाने अकरा महिन्यांचे 1,43,000 होतात. वाढीव मालमत्ता कर 6,000, रंग-दुरुस्ती 12,000, दलाली 6,500, करार 2,000 वजा जाता 1,16,500 रुपये उरतात. 22 लाखांवर हे 5.3 टक्के होतात. शिल्लक राहिलेल्या 13 लाखांवर सात टक्क्यांनी 91,000 व्याज धरले, तर वर्षाचे दोन लाख सात हजार रुपये हातात येतात आणि मुलावर कर्जाचा एक पैसाही चढत नाही. फ्लॅटच्या पर्यायात हप्ता फेडल्यावर वर्षाकाठी साडेबासष्ट हजार खिशातून जात होते.

या पर्यायातही एक खोट आहे. पुढे-मागे घर विकायचे झाले तर जुन्या घराचा ग्राहक बहुधा जमिनीचीच किंमत देतो, वरच्या मजल्यावर घातलेले 22 लाख पूर्ण परत येत नाहीत. म्हणून मजला उत्पन्नासाठी बांधावा. उंची इटालियन संगमरवर, नक्षीदार सीलिंग यांवर खर्च करू नये. भाडेकरू संगमरवराचे पैसे देत नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांच्या वर पारा गेल्यावर छत तापते की नाही, कूलर बसवायला खिडकीबाहेर पाण्याची सोय असलेली जागा आहे की नाही आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली आहे की नाही, यासाठी मात्र तो महिना हजार रुपये अधिक देतो किंवा दुसऱ्याच उन्हाळ्यात घर सोडून जातो. स्लॅबवर जलरोधक थर आणि पांढरा उष्णतारोधक लेप यांत काटकसर करू नये.

अर्थात घराची ताकद पाहिल्याशिवाय हे सगळे कागदावरच राहते. 1998 च्या घराचे पाये आणि कॉलम वरच्या मजल्याचा भार धरून आखले होते का, हे मूळ मंजूर नकाशात व संरचनेच्या आराखड्यात कळते. तो आराखडा नसेल तर संरचना अभियंत्याकडून एका-दोन ठिकाणी पाया उघडून तपासावा. पंधरा-वीस हजारांचा हा खर्च वाटेल तेवढा घासाघीस करून कमी करा, टाळू मात्र नका. घर भिंतींच्या आधारावर उभे असले, कॉलम नसले, तर माझा सल्ला बदलतो. प्लॉट सुधार प्रन्यासाच्या पट्ट्यावरील असेल तर पट्ट्याची मुदत आणि भूभाड्याची थकबाकी आधी तपासावी. मंजुरीविना मजला चढवू नये, कारण अनधिकृत मजल्यावर बँक कर्ज देत नाही आणि विक्रीच्या वेळी तोच मजला किंमत पाडतो.

‘किरायेदार डोक्यावर नको’ ही अडचण मी हसण्यावारी नेत नाही. ती बहुतेक घरमालकांची खरी अडचण असते, आणि तिचे निम्मे उत्तर बांधकामातच आहे. जिना बाहेरून असावा, फाटक शक्य तर वेगळे असावे, महावितरणचा मीटर आणि पाण्याची टाकी स्वतंत्र असावी. वीजबिलाच्या वाटणीवरून जितके वाद मी पाहिले आहेत तितके भाड्यावरूनही पाहिलेले नाहीत.

उरलेले निम्मे उत्तर करारनाम्यात आहे. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि त्याची जबाबदारी घरमालकावर आहे. मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळाचे शुल्क दुप्पट दराने वसूल करता येते, पण हे सारे करार नोंदलेला असेल तेव्हाच. करारात वार्षिक भाडेवाढ, नोटिशीचा कालावधी, रंगाचा खर्च आणि राहणाऱ्यांची संख्या स्पष्ट लिहावी. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी.

भाडे ठरवताना शेवटच्या पाचशे रुपयांसाठी ताणू नये. 13,000 ऐवजी 12,500 ला भाडेकरू आला आणि दोन वर्षे राहिला, तर आपले 12,000 रुपये कमी होतात. घर एक महिना रिकामे राहिले तर त्याहून अधिक जातात. आमच्याकडे बदल्या आणि शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश यांमुळे मे ते जुलै हे घर शोधणाऱ्यांचे दिवस असतात, म्हणून पहिल्या कराराची मुदत जूनच्या आसपास संपेल अशी आखावी, मग तो अकरा महिन्यांऐवजी आठ किंवा चौदा महिन्यांचा झाला तरी चालेल. डिसेंबरात रिकामे झालेले घर कधीकधी होळीपर्यंत तसेच राहते. त्रिमूर्तीनगराला हिंगणा रोडकडील औद्योगिक वसाहत आणि महाविद्यालये जवळ आहेत. मेट्रोची लोकमान्यनगरपर्यंतची मार्गिकाही त्याच बाजूने जाते, त्यामुळे नोकरदार कुटुंब मिळायला अडचण येऊ नये. विद्यार्थ्यांना खोल्या दिल्यास भाडे अधिक येते खरे, पण आपण खाली राहणार आहात आणि आपल्या वयाला ती वर्दळ सोसेल असे मला वाटत नाही.

इतके ऐकूनही मन फ्लॅटकडेच ओढ घेत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, घोषणापत्र, थकीत देखभाल नसल्याचे पत्र आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदी तपासल्याचा अहवाल) हातात येईपर्यंत बयाणा देऊ नये. पार्किंगची जागा बंद करून खोली केलेली असेल तर तिथेच थांबावे. इमारतीच्या मागून नाला जातो का ते पाहावे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी आणि डागा ले-आउटमधील घरांत शिरले, तेव्हा शहरातील महागड्या वस्त्याही त्यातून सुटल्या नाहीत. मनीषनगरात फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप आणि मीटरचे पॅनल तळमजल्यावरच असतात, आणि बुडाल्यावर त्यांची दुरुस्ती सर्वांच्या वर्गणीतून होते. शेजारच्या किराणा दुकानदाराला त्या पहाटे पाणी कुठवर आले होते ते विचारावे.

पण त्याआधी, या आठवड्यात, घराचा मूळ मंजूर नकाशा शोधून संरचना अभियंत्याला बोलवा. कॉलम भक्कम निघाले तर मंजुरीचा अर्ज आत्ताच टाकल्यास पावसाळा संपताच स्लॅबचे काम धरता येईल आणि पुढच्या जूनला घर भाड्याने जाईल.